भेदसंवेदनाची गणिती प्रतिमाने

दोन उद्दीपकांतील (ज्ञानेंद्रियांवर परिणाम करणाऱ्या वजन, प्रकाश यांसारख्या गोष्टींतील) फरक माणसाला केव्हा जाणवतो आणि केवढा जाणवतो, याचे संख्यात्मक नियम मांडणारी प्रतिमाने. त्यांचा अभ्यास मुख्यतः मानसभौतिकीत, म्हणजे भौतिक उद्दीपक व त्यांची मनाला होणारी जाणीव यांचा संबंध मोजणाऱ्या शाखेत, होतो.

या विषयाचा आरंभ सामान्यतः जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक एर्न्स्ट हाइन्रिख वेबर (१७९५–१८७८) यांच्यापासून धरतात. हाताने उचललेल्या वजनांत जेमतेम जाणवणारा फरक मूळ वजनाच्या सु. १/४० असतो, असे त्यांना आढळले. म्हणजे ४०० ग्रॅमवर सु. १० ग्रॅमची भर कळते, ८०० ग्रॅमवर मात्र सु. २० ग्रॅम लागतात. त्यांचा लॅटिन ग्रंथ १८३४ चा. पण हे निष्कर्ष सर्वत्र पोहोचले ते बहुधा १८४६ च्या जर्मन लेखनामुळे. प्रकाशाबाबत असेच स्थिर गुणोत्तर (सु. १/६४) फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर बूगेर यांनी त्याआधीच नोंदवले होते; त्यांचा ग्रंथ १७६० मध्ये, मरणोत्तर प्रसिद्ध झाला. तेव्हा अग्रक्रम बूगेर यांच्याकडे जातो. ‘वेबरचा नियम’ हे नाव रूढ केले जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाफ फेख्नर (१८०१–८७) यांनी.

फेख्नर यांच्या मते वेदनाची (उद्दीपकामुळे होणाऱ्या जाणिवेची) तीव्रता उद्दीपकाच्या लघुगणकाच्या प्रमाणात वाढते. ही कल्पना २२ ऑक्टोबर १८५० च्या सकाळी सुचल्याचे त्यांनी सांगितले आहे; तिची सविस्तर मांडणी १८६० मध्ये आली. स्विस गणितज्ञ डॅन्येल बेर्नुली यांनी १७३८ मध्ये संपत्तीच्या उपयुक्ततेसाठी लघुगणकी सूत्र दिले होते. फेख्नर यांनी त्यांचे ऋण मान्य केले आहे.

खरा वाद फेख्नर यांच्या सिद्धतेविषयी आहे. जेमतेम जाणवणारे सर्व फरक मनाला सारखेच वाटतात, हे त्यांनी गृहीत धरले, आणि हे सांत (मोजता येण्याजोगे) फरक अत्यल्प मानून त्यांचे कलनाच्या रीतीने संकलन (इंटिग्रेशन) केले. वेबरचा नियम तंतोतंत लागू असेल, तर कलनाची गरजच पडत नाही : प्रत्येक पायरीला उद्दीपक एकाच पटीने वाढतो, म्हणून लघुगणकात सारखीच भर पडते. नियम ढळला की मात्र संकलनाने मिळणाऱ्या मापश्रेणीवर त्या पायऱ्या समान राहत नाहीत. डंकन लूस व वॉर्ड एडवर्ड्स यांनी १९५८ मध्ये हा दोष दाखवून संकलनाऐवजी फलनसमीकरण (ज्यात अज्ञात संख्या नसून फलन असते असे समीकरण) सुचवले. क्षीण उद्दीपकांसाठी वेबरचा नियम ढळतोच, त्यामुळे हा आक्षेप केवळ तांत्रिक म्हणून बाजूला सारता येत नाही.

मूळ गृहीतकालाही विरोध झाला. बेल्जियन भौतिकीविज्ञ झोझेफ प्लातो यांनी आठ चित्रकारांना पांढऱ्या व काळ्याच्या बरोबर मधला करडा रंग रंगवायला सांगितले. प्रत्येकाने आपापल्या चित्रशाळेतील उजेडात काम करूनही ते करडे जवळजवळ सारखेच निघाले. उजेड बदलला तरी वेदनांची गुणोत्तरे कायम राहतात, असे त्यावरून मानून प्लातो घाताच्या सूत्राकडे (वेदन उद्दीपकाच्या ठरावीक घाताच्या प्रमाणात वाढते, या सूत्राकडे) वळले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९५७ मध्ये घातनियमाचा जोरदार पुरस्कार केला. त्यांच्या मापनात घातांक प्रकाशासाठी सु. ०·३३, लांबीसाठी सु. १ आणि विजेच्या धक्क्यासाठी सु. ३·५ येतो. मात्र हे आकडे प्रयुक्तांनी (प्रयोगात भाग घेणाऱ्यांनी) वेदनाला स्वतः दिलेल्या संख्यांवर अवलंबून असल्याने त्यांकडे सावधपणे पाहणे इष्ट.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुई थर्स्टन (१९२७) यांनी प्रश्नच बदलला. एकच उद्दीपक दर वेळी थोडा वेगळा जाणवतो. या जाणिवा प्रसामान्य वितरणात (सरासरीभोवती घंटाकृती) पसरतात, आणि चुकीचा निवाडा होतो तो दोन वितरणे एकमेकांवर येतात म्हणून. पसारा सर्वत्र सारखा व परस्परनिरपेक्ष मानल्यास, ‘अ’ हा ‘ब’हून आणि ‘ब’ हा ‘क’हून जड असल्याचा निवाडा प्रत्येकी ८४% वेळा मिळाला, तर ‘अ’ हा ‘क’हून जड असल्याचा निवाडा सु. ९८% वेळा अपेक्षित आहे. हे भाकीत पडताळता येते, हे या प्रतिमानाचे मोठे बळ. शिवाय त्याला भौतिक माप लागत नाही. हस्ताक्षर किंवा मते यांनाही ते लावता येते. १९५० नंतरच्या संकेतशोध सिद्धांताने (गोंगाटातून संकेत ओळखण्याच्या सिद्धांताने) याच पायावर भेदक्षमता आणि उत्तर देण्याचा कल हे दोन घटक वेगळे केले.

बहुमितीय (एकाहून अधिक गुणांत बदलणाऱ्या) उद्दीपकांत भेद म्हणजे अंतर अशी कल्पना करतात. डेव्हिड मॅकअ‍ॅडम (१९४२) यांनी वर्णालेखावर (रंगांची स्थाने दाखवणाऱ्या आलेखावर), एकमेकींपासून वेगळ्या न ओळखता येणाऱ्या रंगछटांच्या सीमा लंबवर्तुळाकार असून त्यांचा आकार व दिशा जागोजाग बदलतात, असे दाखवले. अ‍ॅमॉस ट्व्हर्स्की (१९७७) यांनी अंतराच्या कल्पनेलाच हरकत घेतली : ‘अ’चे ‘ब’शी साम्य आणि ‘ब’चे ‘अ’शी साम्य लोक नेहमी सारखे मानत नाहीत, अंतर मात्र दोन्ही बाजूंनी एकच असते.