गिल्गमेशचं जंगल सुमेरमध्ये नव्हतं

‘गिल्गमेशच्या कथेत देवदाराचं घनदाट अरण्य आहे, म्हणजे सुमेर एकेकाळी जंगलांनी भरलेलं होतं. माणसाने झाडं तोडली आणि इराकचं वाळवंट झालं.’ हा मजकूर अनेकांनी वाचला असेल. (सुमेर म्हणजे दक्षिण इराकमधला प्राचीन प्रदेश आणि गिल्गमेश हा तिथल्या उरुक शहराचा कथांमधला राजा.) पटण्यासारखा आहे, कारण कथेत जंगल खरंच आहे.

फक्त ते कुठे आहे, ते पाहायला हवं. सुमेरी काव्यात गिल्गमेश आणि त्याचा साथीदार एन्किडू सात डोंगर ओलांडतात, तेव्हा कुठे त्यांना मनासारखा देवदार सापडतो. जंगलाचा राखणदार हुवावा तिथेच राहतो. पुढच्या काळात अक्कादी भाषेत रचलेल्या गिल्गमेश महाकाव्यात तर लेबनॉनचं नाव येतं. दक्षिण इराक म्हणजे नद्यांच्या गाळाचं सपाट मैदान. तिथे बोरू, खजूर, झाऊ. देवदार डोंगराळ भागातला.

गिल्गमेशचीच दुसरी एक सुमेरी कथा मला जास्त बोलकी वाटते. फरात नदीकाठचं एक झाड वाऱ्याने उन्मळून पडतं. इनन्ना देवी ते उचलून उरुकच्या बागेत लावते आणि वर्षानुवर्षं वाट पाहते. कशासाठी? एक आसन आणि एक पलंग! मुळाशी साप, फांद्यांत अंझू पक्षी, सगळं अद्भुत. पण चांगल्या लाकडाची टंचाई मात्र खरी.

पडताळायचं तर या काव्यांची इंग्रजी भाषांतरं इंटरनेटवर मोफत आहेत. सोबत सुमेरमधल्या लगश शहराच्या गुडिआ राजाचे (इ.स.पू. सुमारे 2100) लेख वाचा: मंदिरासाठी देवदार अमानस डोंगरातून, म्हणजे आजच्या दक्षिण तुर्कस्तानातून, आणल्याचं तो सांगतो. डोंगरांवर वृक्षतोड झालीच. सुमेरच्या शेतीला मात्र सिंचनामुळे जमिनीत साठणाऱ्या क्षारांचा त्रास होता.