लाल गोल नेमका कुठे राहतो?

कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या शेडमध्ये कास्टिंगला (धातूच्या ओतीव भागाला) ब्लोहोल, म्हणजे वायूमुळे पडलेलं भोक, निघालं की आधी त्याभोवती खडूचा गोल पडतो. मग मोबाईलवर फोटो, फोटोवर बोटाने लाल गोल आणि खाली एक ओळ: 'राइझरजवळ, कालची हीट.' (राइझर म्हणजे साच्यातला जादा धातूचा साठा, हीट म्हणजे भट्टीतला एक घाणा.) शिरोलीतल्या पॅटर्नवाल्याला, म्हणजे साच्याचा नमुना करणाऱ्याला, तेवढं पुरतं. पूर्वी हेच काम अमोनिया प्रिंटवर, म्हणजे ड्रॉइंगच्या कागदी प्रतीवर, लाल पेन्सिलीने व्हायचं. प्रिंट घडीवर फाटली की शेराही जायचा.

चित्र आणि त्यावरचा शेरा एकाच जागी ठेवायची कल्पना मात्र बरीच जुनी. अमेरिकन शास्त्रज्ञ व्हॅनेव्हर बुश यांनी १९४५ साली एका लेखात 'मेमेक्स' नावाचं टेबल कल्पिलं होतं. पुस्तकं, पत्रं, फोटो सगळं मायक्रोफिल्मवर साठवायचं, पडद्यावर बघायचं आणि समासात टिपा लिहायच्या. ते यंत्र कधी बनलं नाही, पण आजच्या नोट्स ॲपचा आराखडा त्यात बऱ्यापैकी दिसतो.

प्रत्यक्षात अडचण आली ती शेरा ठेवायचा कुठे, याची. १९९२ च्या जेपेग या फोटो दाबून साठवायच्या मानकाने फोटो आटोपशीर झाले, पण जेपेगवर रेघ ओढून सेव्ह केलं की रेघ फोटोतच मुरते. खालचे पिक्सेल गेले ते गेलेच. शिवाय दर वेळी नव्याने सेव्ह करताना थोडा तपशील झिजतो. १९९३ साली आलेल्या पीडीएफने दुसरी वाट धरली: शेरा पानावर वेगळी वस्तू म्हणून ठेवायचा, हवा तेव्हा काढायचा. ट्रेसिंग पेपर वर अंथरावा तसा.

मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००३ बरोबर आलेल्या वननोट या नोंदवही-ॲपने हा ट्रेसिंग पेपर वहीत आणला. चित्र कुठेही टाका, पेनने वर लिहा. गंमत अशी की चित्र आणि शाई एकमेकांना बांधलेली नसतात, त्यामुळे चित्र सरकवलं तर बाण मागेच राहतो, रिकाम्या जागेकडे बोट दाखवत. त्यावर तोड म्हणजे चित्रालाच पानाची पार्श्वभूमी करून टाकायचं.

२००८ मध्ये लोकांसमोर आलेल्या एव्हरनोट या नोट्स ॲपचं डोकं वेगळं होतं: फोटोतली अक्षरं वाचून ती शोधात सापडली पाहिजेत. नेमप्लेटवरचा नंबर टाइप न करताच सापडायचा, हे तेव्हा जादूसारखं वाटलं. बाण-गोल काढायची सोय त्यांनी २०११ साली 'स्किच' हे चित्रावर खुणा करायचं ॲप विकत घेऊन आणली. त्याच वर्षी सॅमसंगने गॅलेक्सी नोटला पेन दिलं. ॲपलच्या नोट्समध्ये २०१५ ला रेखाटन आणि २०१७ ला कागद स्कॅन करायची सोय आली.

पण खरी सवय लावली व्हॉट्सॲपने. २०१६ पासून तिथे फोटोवर रंगीत रेघ ओढता येते. मात्र पाठवली की ती मुरलीच, वर फोटो दाबून लहान झालेला. सहा महिन्यांनी तक्रार आली की लाल गोलाखाली भेग होती की नुसता डाग, हे त्या फोटोवरून सांगता येत नाही. म्हणून जाणते इन्स्पेक्टर दोन फोटो काढतात: एक कोरा, एक गोलाचा, आणि दोन्हींत हीट नंबर दिसेल असा धरून.

२०२० च्या सुमारास ऑब्सिडियनसारखी नोट्स ॲप आली. त्यांत चित्र ही वेगळी फाइल राहते आणि नोटेत फक्त तिचं नाव असतं. ॲपच्या बाहेरून फाइल हलवली की नोटेत नाव उरतं, चित्र गायब.