‘झिरो’ नेमका कुठला? होमिंग आणि वर्क ऑफसेटची पार्श्वभूमी

भोसरीच्या सीएनसी (आकड्यांच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या) मशीनच्या शेडमध्ये ‘झिरो’ हा एकच शब्द चार कामांना जुंपलेला असतो. सकाळी मशीन चालू केली की ‘झिरो मार’, वाइसमध्ये (शिकंज्यात) जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, बांधला की ‘झिरो घे’, टूल बदलायचं तर ‘झेड झिरोला ने’, आणि जॉब वाया गेला की ‘झिरो सरकला’. तिथे काही वर्षं घालवलेल्या माणसाला कुठला झिरो ते बोलण्याच्या ओघात कळतं. कोथरूडच्या बाल्कनीत ३०१८ नावाची छोटी घरगुती सीएनसी मशीन चालवणाऱ्याला कळत नाही. यात त्याचा दोष थोडा, शब्दांच्या इतिहासाचा जास्त.

हातमिलिंगला स्वतःचा झिरो नव्हताच. जॉबची कड लागली की हँडलवरची डायल सैल करून शून्यावर आणायची, आवळायची, बॅकलॅश (स्क्रूचा ढिलेपणा) एकाच बाजूने काढायचा, झालं. १९५२ साली अमेरिकेत आकड्यांवर चालणारी मिलिंग मशीन दाखवली गेली, तेव्हापासून मोजमाप छिद्रांच्या टेपवर गेलं आणि मशीनला स्वतःचा आरंभबिंदू लागला. सुरुवातीच्या काही कंट्रोलवर तो कायमचा ठोकलेला असे. फिक्स्चरच त्या हिशोबाने बसवायचं. पुढे पॅनेलवरच्या स्विचांनी झिरो थोडा सरकवता येऊ लागला, नंतर हवा तिथे नेता येऊ लागला. वर्क ऑफसेटचं, म्हणजे जॉबसाठी सरकवलेल्या झिरोचं, मूळ हेच.

आमच्या पिढीने ही विद्या जपानी कंट्रोलच्या व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनवर) शिकली. तिथला एन्कोडर (मोटर किती फिरली ते मोजणारा भाग) वीज गेली की जागा विसरायचा, म्हणून रोज सकाळी रेफरन्स, म्हणजेच होमिंग: मशीनने आपलं घर शोधायचं. अक्ष धावत जाऊन स्विच दाबतो, हळू होतो, स्विच सोडतो आणि मग एन्कोडरच्या फेरीतून एकदाच येणारी खूण पकडतो. म्हणजे स्विच फक्त गल्ली दाखवतो, घर नंबर एन्कोडर सांगतो. घरगुती मशीनवर स्टेपर मोटर असते, ही खूण नसते. सगळी भिस्त स्विचवर. हा फरक लक्षात न घेता ‘व्हीएमसीवर तर दोन मायक्रॉनमध्ये परत येते’ अशी तुलना करण्यात अर्थ नाही.

जॉबच्या झिरोचंही तसंच. जुन्या प्रोग्रामच्या डोक्यावर जी९२ ही आज्ञा असायची: टूल आत्ता जिथे आहे, त्या जागेला हे आकडे समज. टूल चुकीच्या जागी असताना प्रोग्राम सुरू केला की सगळा जॉब तेवढाच सरकायचा. जी५४ ते जी५९ आले तेव्हा हा जुगार संपला, कारण हे सहा ऑफसेट मशीनच्या झिरोपासून मोजलेले असतात. दोन वाइस लावा, एकाला जी५४, दुसऱ्याला जी५५.

खरा गुंता जी२८चा, म्हणजे मशीनला घरी पाठवणाऱ्या आज्ञेचा. भोसरीत ‘जी९१ जी२८ झेड०’ ही ओळ मंत्रासारखी पाठ असते (झेड म्हणजे वर-खालचा अक्ष). पण जी२८ सरळ घरी जात नाही, वाटेतल्या एका बिंदूवरून जातो. जी९१मध्ये आकडे आत्ताच्या जागेपासून मोजतात, म्हणून झेड० म्हणजे ‘आहेस तिथूनच’. जी९१ लिहायचं राहिलं आणि मशीन जी९०मध्ये (आकडे जॉबच्या झिरोपासून) असली, तर तोच झेड० जॉबचा पृष्ठभाग ठरतो आणि टूल वर जाण्याआधी खाली येतं. या एका अक्षर-आकड्याने किती कटर खाल्ले, त्याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

२०००च्या दशकात घरगुती थ्रीडी प्रिंटर आले. त्यांच्या फर्मवेअरने (बोर्डमधल्या प्रोग्रामने) जी२८ला नवा अर्थ दिला: स्विच शोध. प्रिंटरला ते सोयीचं, कारण त्याचा जॉब रोज त्याच बेडवर त्याच जागी असतो. घर आणि जॉबचा झिरो यांत फरक करायची गरजच फारशी पडत नाही. २००९मध्ये आर्डुइनो या छोट्या बोर्डवर चालणारं जीआरबीएल हे सीएनसीचं फर्मवेअर आलं. त्याने मिलिंगची जुनी परंपरा धरली: जी२८ म्हणजे साठवलेल्या जागी जा, जी२८.१ म्हणजे आत्ताची जागा साठव, आणि स्विच शोधायला स्वतंत्र आज्ञा, डॉलर एच. त्याच काळात संगणकाच्या पॅरलल पोर्टवर चालणाऱ्या एका लोकप्रिय प्रणालीत जी२८.१ म्हणजेच होमिंग होतं. एकच आज्ञा, एकीकडे जागा लिहून ठेवते, दुसरीकडे मशीन पळवते.

प्रिंटरवरून मिलिंगकडे आलेली मंडळी म्हणतात, सगळं जग जी२८ने घरी जातं तर इथेच वेगळं कशाला? मला जीआरबीएलचा निर्णय बरोबर वाटतो. होमिंग ही सकाळची तयारी आहे, प्रोग्रामच्या पोटात तिचं काम नाही. मात्र त्याची किंमत नवख्याने मोजली, हेही खरं. होमिंग न करता जी२८ दिला की मशीन चालू करताना स्पिंडल (टूल फिरवणारा भाग) जिथे उभा होता तिकडे ती सुटते, वाटेत क्लॅम्प असो की बोट.

दुसरं कोडं उणे आकड्यांचं. व्हीएमसीसारखंच जीआरबीएलही घर उजव्या-मागच्या-वरच्या कोपऱ्यात धरतं आणि सगळी हालचाल उणे मोजतं. आधी झेड वर, मग एक्स आणि वाय. मूळ सेटिंगमध्ये स्विचपासून १ मिलिमीटर मागे सरून थांबतं. कुणी एक्सचा स्विच डावीकडे लावून दिशा उलटवली, तर ३०० मिलिमीटरच्या अक्षावर होमिंगनंतर उणे २९९ दिसतं आणि माणूस घाबरतो. बिघाड काही नसतो. जॉबचा झिरो घेतला की हे आकडे पाहायचं कारणही उरत नाही.

सुरुवातीच्या बऱ्याच ३०१८ किटांत स्विचच नव्हते. मग पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तपकीर गल्लीतून, मायक्रोस्विच आणायचे, किंवा १२ मिलिमीटर जाडीचे इंडक्टिव्ह सेन्सर. वायर स्पिंडलच्या वायरीला चिकटून नेली की तिच्या विजेच्या गडबडीने स्विच न दाबताही होमिंग मध्येच ‘लागतं’. शील्ड वायर आणि एखादा कपॅसिटर लावून ते बहुधा सुटतं. गुरुवारी दुपारी वीज गेली की या खर्चाची किंमत कळते. जी५४ बोर्डच्या स्मृतीत राहतो, पण तो मोजलेला असतो मशीनच्या झिरोपासून. होमिंग नसेल तर ते आकडे निराधार. जी९२ तर रीसेटबरोबरच जातो.

आता अनेक जण बेडवर एल आकाराची पट्टी स्क्रूने बसवतात, तिचा आतला कोपरा एकदाच जी५४मध्ये टाकतात आणि जॉब तिला भिडवतात. भोसरीतल्या फिक्स्चरचीच ही लाकडी आवृत्ती. झेड मात्र दर बिटला नव्याने घ्यावा लागतो: लाकडावर कागदाची चिठ्ठी अडकेपर्यंत, पीसीबीवर बिटला क्लिप लावून तांब्याला टेकवून. टच प्लेट (टूल टेकवायची धातूची पट्टी) वापरली तर तिची जाडी वजा करायला विसरायचं नाही.