गेरूने खपली धरते, विषाणू जात नाही

नाशिकमध्ये पंचवटीपासून सिडकोपर्यंत ही समजूत अजून ऐकू येते: जननेंद्रियावर पाणीदार फोड आले की ती ‘नागीण’, गेरूचा लेप लावा, उतरवून घ्या, मुळासकट जाते.

हे खरं नाही. नागीण कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते. जननेंद्रियाचा हर्पीस वेगळ्या विषाणूचा, लैंगिक संबंधातून येणारा. पहिल्या वेळचे फोड २ ते ४ आठवड्यांत लेपाविनाही सुकतात, म्हणून श्रेय गेरूला मिळतं. विषाणू मात्र कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या पेशींत दबा धरून राहतो. ताप, ताण, पाळी अशा निमित्ताने पुन्हा उठतो. फोड नसतानाही जोडीदाराला लागण होऊ शकते, आणि नेमकं हेच लोकांना कुणी सांगत नाही.

कायमचं घालवणारं औषध नाही. पण मुंग्या, जळजळ सुरू होताच, शक्यतो पहिल्याच दिवशी, डॉक्टरांनी दिलेलं असायक्लोव्हिर घेतलं तर त्रास लवकर आटोपतो. वारंवार उठत असेल तर रोजच्या गोळीने ते बरंच कमी होतं. फोड असताना संबंध टाळा, एरवी निरोध वापरा. गरोदर बाईने तर हे डॉक्टरांपासून मुळीच लपवू नये. बाळंतपणात बाळाला धोका असतो. लाजू नका, सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या दवाखान्यात, तपासणी मोफत होते.