माकडताप: थांबलेल्या लशीची पार्श्वभूमी

काजूचा हंगाम आला की सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग, बांदा आणि गोव्यातल्या सत्तरी भागात दरवर्षी विचारले जाते: माकडतापावर लस होती ना, मग ती मिळत का नाही? लस होती. कर्नाटकात ती 2022 पर्यंत टोचली जात होती.

गोचिडीतून पसरणारा हा विषाणूजन्य आजार नोंदला गेला 1957 मध्ये. शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत तापाचे रुग्ण वाढले. माकडे मरतात म्हणून आधी पीतज्वराची (यलो फीव्हरची) भीती वाटली. पुण्यात विषाणू वेगळा केल्यावर तो गोचिडीतून पसरणाऱ्या, रशियात आढळणाऱ्या मेंदूज्वराच्या कुळातला निघाला. स्थलांतरित पक्ष्यांवर संशय गेला तो त्यामुळेच. पुढे पक्ष्यांना कडी घालून त्यांच्या अंगावरच्या गोचिडी तपासल्या गेल्या, पण पक्ष्यांनी विषाणू आणल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट 1957 च्याही आधी घेतलेल्या सौराष्ट्रातल्या काही रक्तनमुन्यांत या कुळाविरुद्धची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) सापडली होती.

‘माकडताप’ या नावाने गैरसमज होतो. वानर आणि केलडी ही माकडे या आजाराने स्वतः मरतात. त्यांच्या रक्तात विषाणू झपाट्याने वाढतो, त्यांना चावलेल्या गोचिडी तो घेतात आणि माकड मेल्यावर त्या खालच्या पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पानांच्या थरात उतरतात. माणसाला बहुतेक वेळा चावते ते गोचिडीचे पिल्लू. ते इतके बारीक असते की चावल्याचे कळतही नाही. गुरांच्या अंगावर मोठ्या गोचिडी पोसल्या जातात, म्हणून जंगलालगत चरणारी गुरे गोचिडींची संख्या वाढवतात. विषाणूच्या प्रसारात मात्र त्यांचा वाटा नगण्य आहे. माणसाकडून माणसाला लागण होत नाही.

लशीची पहिली खेप याच कुळातल्या रशियन विषाणूपासून, उंदराच्या मेंदूत वाढवून केलेली होती. तिचा उपयोग झाला नाही. नंतर मूळ विषाणूच कोंबडीच्या गर्भपेशींत वाढवून फॉर्मलीन या रसायनाने मारला गेला. 1990 ते 1992 च्या क्षेत्रीय चाचणीत या लशीच्या एका मात्रेने 79.3 टक्के, तर दोन मात्रांनी 93.5 टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. याच आकड्यांच्या भरवशावर ती पुढे कित्येक वर्षे चालली. 2005 ते 2010 या काळाची तपासणी झाली तेव्हा दोन मात्रांचे संरक्षण 62.4 टक्क्यांवर आले होते, वर्धक (बूस्टर) मात्रा घेतलेल्यांत ते 82.9 टक्के होते. एकाच मात्रेवर थांबलेल्यांना दाखवण्याजोगा फायदा नव्हता. लस नव्याने तपासण्याची वेळ खरे तर तेव्हाच आली होती.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. दोन मात्रांत किमान एक महिन्याचे अंतर, सहा ते नऊ महिन्यांनी वर्धक मात्रा, मग पाच वर्षे दरवर्षी एक. इंजेक्शन दुखायचे. पहिल्या मात्रेनंतर हात सुजला की दुसऱ्या मात्रेला माणूस फिरकत नसे, आणि वर्धक मात्रेपर्यंत पोचणारे आणखी कमी. त्यात लसीकरण कुठे करायचे हे ठरायचे विषाणू सापडल्यावर: माकड, माणूस किंवा गोचिडीत तो आढळला की त्या जागेभोवतीच्या 5 किलोमीटरमधली गावे घ्यायची. ही पद्धत वादाची होती. जानेवारीत पहिले मेलेले माकड सापडले, लगेच पहिली मात्रा दिली, फेब्रुवारीत दुसरी, आणि संरक्षण तयार व्हायला आणखी काही आठवडे. तोवर मार्च उजाडतो. गोचिडीच्या पिल्लांचा जोर साधारण जानेवारी ते एप्रिल असतो, म्हणजे ऐन धोक्याचा काळ लशीविना निघून जातो. मात्रा ऑगस्ट ते नोव्हेंबरात पूर्ण व्हायला हव्यात. पण तेव्हा कुठे माकडे मरत नसतात आणि गावात कोणाला भीतीही नसते.

त्यातच साथ नव्या मुलखात सरकली. 2012 पर्यंत कर्नाटकातल्या घाटालगतच्या मोजक्या जिल्ह्यांत असलेला आजार त्यानंतर बांदीपूर, निलगिरी आणि वायनाडला दिसला, 2015 मध्ये सत्तरीत आणि 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात. 5 किलोमीटरचा नियम जुन्या गावांचा विचार करून बेतलेला. जिथे पहिला रुग्ण हीच पहिली खूण, तिथे तो उशिराच पोचणार. कोकणात काजू बी वेचायला माणसे नेमकी फेब्रुवारी ते मे या काळात पातेऱ्यात वाकलेली असतात.

2022 मध्ये कमी परिणामकारकतेमुळे लस थांबवली गेली. हा निर्णय बरोबर होता. पर्याय हाताशी नसताना तो घ्यावा लागला, हे मात्र त्याआधीच्या दशकातल्या दिरंगाईचे फळ. नव्या निष्क्रिय (मारलेल्या विषाणूच्या) लशीचे काम सुरू आहे. तोवर मेलेल्या माकडाला हात न लावता कळवणे, त्या जागेभोवती 50 फुटांपर्यंत कीटकनाशक मारणे आणि जंगलात जाण्यापूर्वी हातापायांना गोचिडी दूर ठेवणारे डेपा किंवा डीएमपी तेल लावणे एवढेच हाती आहे. तेल घामाने उतरते, म्हणून दिवसभर बागेत असणाऱ्याने ते पुन्हा लावावे. परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून गरम पाण्याने अंघोळ करावी आणि काखा, जांघा, गुडघ्यांमागची जागा नीट पाहावी. तीन ते आठ दिवसांत अचानक थंडी-ताप, तीव्र डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना जंगलात गेल्याचे सांगावे: सुरुवातीच्या दिवसांत विषाणू आरटी-पीसीआर चाचणीत सापडतो, नंतर प्रतिपिंडांवर विसंबावे लागते.