विचार हृदयात होत नाहीत, मग छाती का धडधडते?

सोलापुरात सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेत उंच पाळणा वरून खाली येऊ लागला, की छातीत धस्स होते आणि दांडा घट्ट धरलेली मंडळी ‘काळजाचा ठोकाच चुकला’ म्हणतात. अशाच अनुभवांमुळे भीती, प्रेम आणि विचारही हृदयातच उपजतात, असा समज रूढ झाला आहे. ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलचेही मत तसेच होते.

प्रत्यक्षात धोका मेंदू ओळखतो. तेथून मज्जातंतूंमार्फत आणि रक्तात मिसळणाऱ्या संप्रेरकामार्फत म्हणजे अ‍ॅड्रेनलिनमार्फत हृदयाला निरोप जातो व ठोके वाढतात. याचा भक्कम पुरावा हृदयरोपणाने दिला. ३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्यात प्रथम बसवले. रोपण करताना हृदयाचे मज्जातंतू तोडले जातात, तरीही रुग्ण आपल्या माणसांना ओळखतो, रागावतो, रडतो, हिशेब करतो. नवे हृदय मात्र भीतीला थोडे उशिरा दाद देते, कारण ते रक्तातून येणाऱ्या अ‍ॅड्रेनलिनची वाट पाहते.

तरीही हृदयाला निव्वळ पंप म्हणणे मला अपुरे वाटते. त्यात चेतापेशींचे स्वतःचे छोटे जाळे असते, आणि ठोक्यांची खबर सतत मेंदूकडे जाऊन भीतीला धार चढवू शकते. उलट, तीव्र दुःखाने हृदयाचा डावा खालचा कप्पा तात्पुरता फुगून कमकुवत होऊ शकतो. जपानी डॉक्टरांनी या विकाराला ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यावरून ‘ताकोत्सुबो’ हे नाव दिले.