यॉर्कशायरच्या उच्चारात बातम्या: विल्फ्रेड पिकल्स

१९४१ च्या अखेरीस विल्फ्रेड पिकल्स बीबीसीच्या होम सर्व्हिसवर, म्हणजे देशभर ऐकल्या जाणाऱ्या रेडिओ केंद्रावर, बातम्या वाचू लागले आणि ब्रिटनमध्ये गहजब झाला. बातम्या नेहमीच्याच, युद्धाच्या. पण वाचणारा उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा आहे हे ऐकताक्षणी कळत होतं. 'बाथ', 'ग्लास' यांसारख्या शब्दांतला लंडनचा लांबलचक 'आ' त्यांच्या तोंडी आखूड होई. तक्रारींची पत्रं आली, वर्तमानपत्रांत टिंगल झाली.

एवढ्याशा स्वरावरून इतका गदारोळ का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. जॉन रीथ प्रमुख असताना बीबीसीने १९२६ मध्ये उच्चार ठरवण्यासाठी एक समितीच नेमली होती. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस तिचे अध्यक्ष. पुढे ते पद बर्नार्ड शॉ यांच्याकडे गेलं. निवेदक मात्र बहुतेक एकाच साच्यातले: दक्षिण इंग्लंडचे, महागड्या खासगी शाळांत शिकलेले. संध्याकाळी डिनर जॅकेट घालून माइकसमोर बसायचं आणि स्वतःचं नाव सांगायचं नाही, असा रिवाज होता.

नाव सांगायला लावलं ते जर्मनांच्या भीतीने. १९४० मध्ये आक्रमणाचं सावट होतं. शत्रूने खोट्या बातम्या दिल्या तर लोकांना आवाज ओळखता यावा, म्हणून 'या बातम्या वाचत आहेत अल्व्हार लिडेल' अशी सुरुवात होऊ लागली. पुढची कल्पना माहितीमंत्री ब्रेंडन ब्रॅकन यांची असल्याचं सांगितलं जातं. ऑक्सफर्डच्या इंग्रजीची नक्कल जर्मन करतील, यॉर्कशायरची कशी करणार? म्हणजे पिकल्सना लंडनला आणलं गेलं त्यात उत्तरेविषयीच्या प्रेमाचा भाग फारसा नसावा.

पिकल्स यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्सचे, जन्म १९०४ चा. वडिलांबरोबर बांधकामाच्या धंद्यात राबलेले, हौशी नाटकांतून पुढे आलेले आणि बीबीसीच्या मँचेस्टर केंद्रावर रुळलेले. एका रात्री बातम्या संपवताना उत्तरेकडच्या श्रोत्यांना त्यांनी त्यांच्याच ढंगात 'गुड नाइट'ऐवजी 'गुड नीट' म्हटलं, तेच लोकांच्या लक्षात राहिलं. खरं तर बातम्या वाचताना त्यांचा हेल सौम्यच असे. आजच्या कानांना तो खटकणारही नाही. तरीही हा प्रयोग काही महिन्यांतच आटोपला आणि ते मँचेस्टरला परतले. राष्ट्रीय बातमीपत्रांत प्रादेशिक उच्चार रुळायला पुढे कित्येक दशकं गेली.

गंमत अशी, की जो उच्चार बातम्यांना चालला नाही, तोच करमणुकीत डोक्यावर घेतला गेला. १९४६ मध्ये यॉर्कशायरमधल्या बिंगली गावातून पिकल्स यांचा 'हॅव अ गो' हा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला. गावोगावच्या सभागृहांत जायचं, गिरणी कामगार, आजीबाई, जो कुणी पुढे येईल त्याच्याशी गप्पा मारायच्या, चार सोपे प्रश्न विचारायचे. बक्षीस किरकोळ, पण उत्तर आलं की निर्माते बार्नी कोलेहान यांना हुकूम सुटे: 'देऊन टाक पैसे, बार्नी!' पुढे टेबलाशी पत्नी मेबल असायच्या, पियानोवर काही काळ व्हायोलेट कार्सन. ऐन भरात श्रोते दोन कोटींच्या घरात होते असं सांगतात. कार्यक्रम चालला १९६७ पर्यंत.

त्यानंतर पिकल्स टीव्हीवर दिसले ते 'फॉर द लव्ह ऑफ एडा' या विनोदी मालिकेत, उतारवयात प्रेमात पडणाऱ्या कबर खोदणाऱ्याच्या भूमिकेत. पात्राचं आडनाव होतं बिंगली. १९७८ मध्ये त्यांचं निधन झालं.